केला की दिला

खडपवाडीच्या वाचनालयातल्या फळ्यावर यादी लागून तीन दिवस झाले होते. मथळा ग्रंथपाल क्रांतीने स्वतःच्या अक्षरात लिहिला होता : 'आधुनिक दहशतवाद : पार्श्वभूमी आणि परिणाम समजून घेण्यासाठी पुस्तके'. खाली अकरा पुस्तकं, प्रत्येकापुढे दाखल क्रमांक. स्पर्धा परीक्षेला बसणारी मुलं महिनाभर मागे लागली होती, म्हणून तिने ती केली. अकरापैकी चार पुस्तकांत तिच्या वडलांचं नाव होतं. यादी करताना ते तिला माहीत होतं. मुलांना माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी शिवानी ३१०६ क्रमांकाचं पुस्तक उघडंच घेऊन टेबलाशी आली. तिचं बोट पानावर होतं.

"ताई, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"आला तर सांगीन."

"हे दयाराम घरत म्हणजे तुमचे बाबा?"

"हो."

शिवानीने पानाकडे पाहिलं, मग क्रांतीकडे. "मला वाटलं दुसरे कोणी असतील. गावात घरतांची वीस घरं आहेत."

"दयाराम एकच."

"मग यात लिहिलंय ते?"

"चूक आहे."

शिवानीने पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. हुशार मुलगी, दोन वेळा पूर्वपरीक्षा निघालेली, मुख्य परीक्षेत अडकलेली. "मग मी नोट्समध्ये लिहू की नको?"

क्रांतीने तिला पुस्तक घेऊन जायला सांगितलं आणि देवघेव नोंदवहीत तारीख टाकली. या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर असतं, तर गेली अकरा वर्षं ती पत्रं कशाला लिहीत बसली असती.

गोष्ट एका वाक्याची होती. बत्तीस-तेहतीस वर्षांपूर्वी मुंबईत बॉम्ब फुटले. त्याच्या महिनाभर आधी खडपवाडीच्या धक्क्यावर एका बोटीतून पेट्या उतरल्या होत्या. दयाराम तेव्हा मिठागरात कामाला होता, आणि शेताच्या बांधातली उघाडी सांभाळायचा. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून बसवलेली लाकडी झडप. पहाटेच्या भरतीला तो ती बंद करायला गेला, तेव्हा त्याला एक मशीनची बोट सरळ म्हातारीवर चाललेली दिसली. म्हातारी हा भरतीत बुडणारा खडक. गावातलं लहान पोरही त्याला ओळखतं, परक्या बोटीचा तांडेल ओळखत नाही. दयारामने हातातला कंदील दाखवला. पुढे बॉम्ब फुटल्यावर, कोणी बोलवायच्या आत, तो आपल्या पायाने चौकीवर गेला आणि पाहिलं ते सांगितलं. त्याला अकरा दिवस ठेवून घेतलं. मग सोडलं आणि साक्षीदार केलं. क्रांती तेव्हा सहा वर्षांची होती. अकरा दिवस घरात दिवा लागला की आई रडायची, एवढं तिला आठवत होतं.

वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागल्यावर पहिल्याच वर्षी ती दाखल क्रमांक २२१४ चाळत होती. त्यात छापलं होतं : 'पहाटेच्या भरतीला दयाराम घरत या इसमाने कंदील दाखवून बोटीला इशारा केला.'

सगळं भांडण शेवटच्या शब्दाचं. इशारा दिला म्हणजे सावध केलं, पुढे खडक आहे म्हणून सांगितलं. इशारा केला म्हणजे खूण केली, या, कोणी नाही, असं सुचवलं. एका क्रियापदाने तिचा बाप साक्षीदाराचा सामील झाला होता.

पुढच्या पुस्तकांनी त्या वाक्याला खतपाणी घातलं. २७९०मध्ये ते 'ठरल्याप्रमाणे कंदिलाने इशारा केला' असं झालं. ठरल्याप्रमाणे हा शब्द कुठून आला, ते लेखकालाच ठाऊक. २९५३मध्ये दयाराम मच्छीमार झाला आणि त्याच्यासोबत 'किनाऱ्यावरील इतर हस्तक' उभे राहिले. त्या पहाटे बांधावर दयारामशिवाय होते फक्त खेकडे.

क्रांतीने पत्रं लिहिली. पहिल्या प्रकाशकाला धाडलेलं पत्र 'पत्त्यावर नाही' असा शेरा घेऊन परत आलं. दुसऱ्याने कळवलं की आमच्या लेखकाने पहिल्या पुस्तकाचा आधार घेतला आहे, तरी कृपया तिकडे विचारणा करावी. तिसऱ्याने आगामी पुस्तकांची सूची पाठवली. दर दोन वर्षांनी ती नव्याने लिहायची, अक्षर जास्त वळणदार काढून, भाषा जास्त नरम करून. उत्तराच्या भाषेत फरक पडत नव्हता.

वाचनालयाचे अध्यक्ष येसाजी गुरुजी निवृत्त शिक्षक होते आणि त्यांचा उपाय सोपा होता. "खटकतंय ना? मग यादीतून काढ. वाचनालय तुझ्याच हातात आहे."

"काढलं तर मुलांना काय वाचायला देऊ, गुरुजी?"

"दुसरं दे."

"दुसऱ्यात पण तेच वाक्य आहे. आणि दुसरं एवढं चांगलं नाही."

खरी अडचण तीच होती. ३१०६ वाईट असतं तर क्रांतीला सोपं गेलं असतं. सुजित वर्तक नावाच्या माणसाने ते लिहिलं होतं. वीस वर्षं वर्तमानपत्रात गुन्हे आणि न्यायालय पाहिलेला माणूस. परदेशातल्या लढाया संपल्यावर उरलेली हत्यारं कुठे गेली, चोरटा माल आणणाऱ्या वाटांवरून दारूगोळा कसा यायला लागला, दंगलींनंतर सुडाची भाषा कोणी कोणाला शिकवली, हे त्याने पायरी-पायरीने मांडलं होतं. आणि शेवटची शंभर पानं फक्त माणसांची होती. स्फोटात पाय गेलेली आणि तीस वर्षं तोच जिना चढून घरी जाणारी बाई. तपासात उगाच उचललेला आणि सुटून आल्यावर दुकान न मिळालेला शिंपी. क्रांतीने ती पानं घरी नेऊन वडलांना मोठ्याने वाचून दाखवली होती. यादीत ते पुस्तक तिने सगळ्यात वर घातलं होतं. असा माणूस पान एकशे अठ्ठेचाळीसवर दुसऱ्याचं वाक्य न तपासता उचलतो, याचाच तिला जास्त राग होता.

वर्तकने मात्र उत्तर दिलं. फोन केला. नवी आवृत्ती निघतेय, पुरावा असेल तर बदलतो, म्हणाला. म्हणून तिने दयारामच्या जबाबाच्या नकलेसाठी अर्ज केला. अर्जावर अर्ज, ओळखीचा वकील, पुन्हा अर्ज, असं करत चौदा महिन्यांनी नक्कल हातात आली. शिवानीने तो प्रश्न विचारला त्याच आठवड्यात. क्रांतीने पाकीट टेबलावरच फोडलं. पिवळट कागदाची काळपट झेरॉक्स, अक्षर मात्र मोत्यासारखं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं : 'मी कंदील दाखवून बोटीस इशारा केला.'

तिने ती ओळ चार वेळा वाचली. मग वर्तकला फोन लावला, कारण लावायचं ठरलं होतं.

"जबाब मिळाला?" त्याने विचारलं.

"मिळाला."

"मग?"

"त्यातही चूक आहे."

"क्रांतीताई, जबाबात आहे म्हणजे ती आता चूक राहिली नाही. तो पुरावा झाला."

"माझे बाबा असं बोलले नसणार. लिहिणाऱ्याने लिहिलंय."

"शक्य आहे. मी म्हणत नाही की नाही. पण मी काय छापू? ग्रंथपालबाई म्हणतात की नसणार?" त्याचा आवाज कुत्सित नव्हता, दमलेला होता. "लिहिणारा हवालदार आहे का जिवंत? त्याच्याकडून दोन ओळी आणा. शुक्रवारी पानं जातात."

तो दिवस मंगळवार होता.

हवालदाराचं नाव जबाबाखाली होतं, रावजी. येसाजी गुरुजींनी दोन फोन करून त्याचा पत्ता काढून दिला. "मिळून काही उपयोग नाही हं," असंही सांगितलं. बुधवारी सकाळी क्रांती रेवसवरून तरीने खाडी ओलांडून करंज्याला उतरली आणि तिथून उरणला गेली. रस्त्यात कंटेनरचे ट्रेलर नाकाला शेपटी लावून उभे होते. रिक्षावाल्याने तिला गल्लीच्या तोंडाशीच सोडलं आणि इथून पुढे चालत लवकर पोचाल म्हणाला. ते खरं होतं.

रावजी ऐंशीला टेकलेला, पण ताठ. घराच्या पुढच्या दोन खोल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला दिलेल्या, मागच्या पडवीत तो आरामखुर्चीत. त्याने भिंग मागवलं, कागद जवळ धरला आणि खूश झाला.

"अक्षर माझंच. काय वलन व्हतं बघ. साहेब बोलायचे, रावजी, तू मास्तर व्हायला पायजे व्हतास."

"काका, या ओळीत 'इशारा केला' लिहिलंय."

"व्हय."

"'दिला' हवं होतं."

"का?"

क्रांतीने सांगितलं. देणं आणि करणं यातला फरक, चार पुस्तकं, ठरल्याप्रमाणे, हस्तक, सगळं. रावजी मध्ये बोलला नाही. तिचं झाल्यावर त्याने भिंग बनियनला पुसलं.

"बाय, त्या दिवशी मी सोला जबाब लिवले. बोटं सुजली. मागं साहेब उभा, भायेर पत्रकार उभे. केला काय नि दिला काय, मना कोन तिथं व्याकरनाचा पेपर घालत व्हता?"

"पण बाबा नेमकं काय बोलले होते? आठवतं?"

"आठवतं तर. सोला जनांत तोच एक आपल्या पायानं आलता. बोलला, 'मी कंदील दावला.' एवढाच. मी इचारला, कशाला दावला? बोलला, 'दावतात.'" रावजी हसला. त्याला दात कमी होते. "आता सांग, 'दावतात' हे जबाबात कसं लिवायचं? सरकारी कागदाला कारन लागतं. म्हनून इशारा मी घातला. तो शब्द तुझ्या बापाचा न्हवंच. माझा हाय."

क्रांतीने पिशवीतून कोरा कागद काढला. "हेच एवढं लिहून द्याल?"

"न्हाय."

"दोनच ओळी, काका."

"पेन्शनीत बसून माझ्याच कागदाला खोटा म्हनू? माझा नातू विपुल पोर्टात लागायचाय, गेटपासची चौकशी चालू हाय. घरात कागद हालायला नको सध्या." त्याने सुनेला चहा टाकायला सांगितलं. मग क्रांतीकडे पाहिलं, पोलीस पाहतात तसं, सावकाश. "तू एवढ्या पुस्तकवाल्यांना धरलंस. कोर्टातनं कागद काढलास. मना शोधत आलीस. बापाला इचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? आम्हाला माहीत आहे."

"असा?" रावजी म्हणाला. "मना तर तवा पन म्हाईत नव्हता."

चहा गोड होता आणि क्रांतीने तो उभ्यानेच प्यायला.

परत येताना तरीवर तिने डोक्यात मसुदा केला. 'मी, दयाराम घरत, असे लिहून देतो की, मी बोटीला खडकापासून सावध करण्यासाठी कंदील दाखवून इशारा दिला.' खाली सही, दोन साक्षीदार, एक येसाजी गुरुजी. हवालदार नाही तर नाही. माणूस स्वतः जिवंत आहे, त्याच्याहून मोठा पुरावा कोणता?

दयाराम ओट्यावर पाग विणत बसला होता. पागाने, म्हणजे त्या फेकायच्या जाळ्याने, हल्ली कोणी मासे धरत नव्हतं. किहीमच्या एका कॉटेजवाल्याने भिंतीवर लावायला मागितला होता. शहात्तरीतही त्याची गाठ एकसारखी पडायची.

"बाबा, एक सही पाहिजे."

"कशावर?"

तिने मसुदा वाचून दाखवला. दयारामची सुई थांबली नाही. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "तसं नव्हतं."

"काय नव्हतं?"

"पयला तसंच व्हतं. मी कंदील हालवला. आडवा. ती थांबली. त्यांनी मिशीन बंद केली. आता भरती आत लोटते, मिशीन बंद, मंग बोट कुठं जानार?"

क्रांतीने हातातला मसुदा खाली ठेवला.

"वाहत म्हातारीवरच. म्हनून मी बांधावरनं चालत सुटलो. कंदील वर धरला. त्यांना कलला. मिशीन चालू केली नि माझ्या मागं मागं आली, आतल्या पान्यानं. धक्क्यापावतर."

"धक्क्यापर्यंत तुम्ही आणली?"

"मंग? निम्म्यात सोडतात काय?"

"कोण आहे, कुठून आली, काही विचारलं नाहीत?"

दयारामने पहिल्यांदा वर पाहिलं. "बोट खडपावर चालली, तं नाव इचारत न्हायत गो. कोनाची पन असू दे, दावतात."

हा रिवाज तिला ठाऊक होता. गावात सगळ्यांनाच होता. कोणाचं भांडण असो, कोर्टकचेरी असो, पाण्यावर ते चालत नसे. पण तो रिवाज या गोष्टीत असा येऊन बसेल, याचा विचार तिने केला नव्हता.

"पेट्या पाहिल्यात?"

"पायल्या. मना वाटला घड्यालं असतील. तवा घड्यालं यायची, चांदी यायची. सगल्यांना म्हाईत असायचं. मना एक जन काय तरी द्यायला आला, मी बोललो नको, माझी उघाडी रायली. गेलो. उशीर झालता, खारं पानी शिरलंच थोडं." यावर तो अजूनही नाराज होता, असं त्याच्या तोंडावरून दिसलं.

"हे कोर्टात सांगितलंत?"

"इचारलं कुठं? वकील बोलला, व्हय का न्हाय, तेवढाच बोल."

"आम्हाला तरी सांगायचं. आईला. मला."

"तुमी कवा इचारलं? तुमी सगली मनाच सांगत व्हतात. बाबानं असा केला, बाबानं तसा केला. मी आयकत व्हतो."

क्रांती पायरीवर बसली. अकरा वर्षं ज्या शब्दासाठी ती भांडली, तो खरा होता. आणि ज्या शब्दाविरुद्ध भांडली, तोही. बापाने बोटीला खडकापासून सावध केलं, आणि त्याच कंदिलाने धक्क्याला आणून लावलं. पहिलं केलं म्हणूनच दुसरं करावं लागलं. हे एका क्रियापदात मावत नव्हतं.

बऱ्याच वेळाने दयाराम बोलला, तिच्याकडे न पाहता. "तू वाचून दाखवलंस न ते. पाय गेला त्या बायचं. जिना चढते ती."

"हो."

"तवापासनं मनात येतं. मी घरी निजलो असतो, तं ती बोट म्हातारीनं खाल्ली असती. पेट्या बुडल्या असत्या." त्याने गाठ आवळली. "पन त्यांच्यातला एक जन पोरगाच व्हता. पुढं बसलेला, ओकत व्हता सारखा. तो पन बुडला असता. मना काय कलनार व्हतं?"

सही त्याने केली नाही, आणि तिने पुन्हा मागितली नाही.

गुरुवारी क्रांतीने वाचनालय उघडं ठेवून लिहायचा प्रयत्न केला. सगळं सांगायचं तर दीड पान होत होतं. कापत कापत तिने ते नऊ ओळींवर आणलं. नऊ ओळींत कंदील आडवा हलवणं, मशीन बंद होणं, बांधावरून चालणं, रिवाज, घड्याळं, उघाडी आणि चौकीवर आपण होऊन जाणं, हे सगळं बसलं. ते तिने वर्तकला फोनवर पाठवलं. निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर आलं नाही.

शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. मागे प्रेसचा किंवा पंख्याचा आवाज होता.

"वाचलं. ताई, हे फार महत्त्वाचं आहे. मी तीस वर्षं या विषयावर आहे, पण हे मला कोणी सांगितलेलं नाही."

"मग छापताय?"

"पानं लागलीत. नऊ ओळी घातल्या तर पुढची चाळीस पानं सरकतात, सूची बदलते, प्रकाशक मला उभा कापेल. त्या जागी एक-दोन शब्दांचा बदल करता येतो. पुढच्या आवृत्तीत याचं स्वतंत्र प्रकरण करू, शब्द देतो."

"पुढची आवृत्ती कधी?"

"ही खपली की."

"मागची खपायला किती वर्षं लागली?"

"सहा," वर्तक म्हणाला. प्रामाणिक माणूस होता. "आत्ता एवढं सांगा, केला की दिला? तुम्ही म्हणाल ते घालतो. माणूस समोर बसलाय पान बंद करायला."

अकरा वर्षं ती याच प्रश्नाची वाट पाहत होती. दिला, एवढं म्हटलं की काम होत होतं. शिवानीला नोट्समध्ये ते लिहिता आलं असतं. चहाच्या टपरीवर दयारामला 'काय कंदील, कुठं निघाला' म्हणणाऱ्यांच्या तोंडावर पान उघडून धरता आलं असतं. तिने तोंड उघडलंही.

"ताई?"

"दोन्ही नको," ती म्हणाली. "इशाराच काढा. 'दयाराम घरत याने बोटीला कंदील दाखवला.' एवढंच ठेवा."

"कशासाठी दाखवला, ते वाचकाला कळणार नाही."

"नाही कळणार. पण जे लिहिलंय ते तरी झालेलं असेल."

वर्तकने ते वाक्य हळू आवाजात वाचून पाहिलं. "बरं आहे. खरं सांगू, वार्ताहर म्हणून मी पहिल्यांदा हेच लिहायला हवं होतं." फोन ठेवायच्या आधी त्याने आभार मानले. क्रांतीला त्या दिवशी भूक चांगली लागली.

चार महिन्यांनी पार्सल आलं. नवं मुखपृष्ठ, नवा कागद. क्रांतीने आधी त्यावर वाचनालयाचा शिक्का मारला, दाखल नोंदवहीत ३५८७ हा क्रमांक टाकला, पुस्तकाच्या कण्यावर चिठ्ठी डकवली. सगळं नियमाने केल्यावर पान एकशे एक्कावन्न उघडलं.

'पहाटेच्या भरतीला दयाराम घरत याने बोटीला हिरवा कंदील दाखवला.'

तिने वर्तकला लावलं तेव्हा त्याला आधीच कळलेलं होतं. त्याच्या आवाजावरूनच समजलं.

"मुद्रितशोधक," तो म्हणाला. "शेवटचं वाचन त्याने केलं. त्याला वाटलं शब्द सुटला. म्हणतो, नुसता कंदील कोणी दाखवत नाही, दाखवतात तो हिरवाच."

"म्हणजे परवानगी दिली. माझ्या बाबांनी त्यांना परवानगी दिली."

"मला अर्थ कळतो, ताई."

"आधी निदान वाद घालता येत होता. केला की दिला. आता वाद घालायलाही काही ठेवलं नाही तुम्ही."

"शुद्धिपत्र काढायला सांगतो."

"काढतील?"

दोन हजार प्रती बांधून जिल्ह्याजिल्ह्यांत गेल्या होत्या. शुद्धिपत्र म्हणजे एक चिठोरं, आणि चिठोरं पुस्तकातून सगळ्यात आधी पडतं, हे ग्रंथपालाला कोणी शिकवायला नको.

दुपारी वाचनालय बंद असायचं. क्रांती पुस्तक घेऊन वडलांकडे गेली. लपवून ठेवायचं तिच्या मनात येऊन गेलं, पण टपरीवर कोणी ना कोणी वाचणारच होतं. दयाराम जेवून ओट्यावर आडवा झाला होता. उठून बसला.

"आलं? काय लिवलंय?"

तिने वाक्य वाचलं.

"हिरवा?" दयाराम म्हणाला.

"तसं बोलतात, बाबा. हिरवा कंदील दाखवला म्हणजे..."

"मना कलतं त्ये. रेडिओवर बोलतात रोज." तो चिडला होता, आणि इतक्या वर्षांत या प्रकरणावर तो चिडलेला तिने पाहिला नव्हता. "पन हिरवी काच कोनाकडं व्हती? साधा व्हता, वातीचा. काच पन काली झालेली, तुझी आई पुसायची न्हाय म्हनून माझी रोजची कटकट असायची. हिरवा म्हने. मी काय टेसनावर उभा व्हतो?"

"त्यांना परत लिहिते मी."

"लिव. रंग चुकला म्हनावं. काच साधी व्हती."

क्रांतीने पुस्तक मिटलं. "आणि बाकीचं? बाकीच्या वाक्याचं काय लिहू?"

दयारामने उशाशी ठेवलेला पाग ओढून घेतला आणि सुईत दोरा घालायला दोन वेळा चुकला. तिसऱ्या वेळी दोरा गेला.

"बाकीचं काय चुकलंय?" तो म्हणाला. "आलीच न ती बोट."